परींच्या गढीची किंमत कुणी मोजायची?

आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या केरी काउंटीत किलार्नीहून कॉर्कला जाणारा हमरस्ता एका ठिकाणी वारंवार खचायचा. दुरुस्ती करावी, थोडे दिवस जावेत, पुन्हा तिथेच खड्डा. ऑगस्ट 2017 मध्ये तिथले खासदार डॅनी हीली-रे यांनी त्याचं कारण जाहीरपणे सांगितलं: त्या भागात परींच्या गढ्या आहेत, रस्ता त्यांच्या वाटेत आला आहे. काउंटीच्या रस्ते खात्याने त्याआधीच जमिनीच्या खालच्या थरांतल्या दोषाकडे बोट दाखवलं होतं. वर्तमानपत्रांना आठवडाभराची करमणूक मिळाली. एकविसाव्या शतकातला खासदार आणि परी!

हसण्याच्या भरात त्यांचं दुसरं विधान मात्र मागे पडलं. हीली-रे यांच्या घरचा धंदा माती उकरणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जेसीबी-पोकलेनचा. अंगणात यंत्र उभं आहे, पण एखादी गढी पाड म्हणून कुणी सांगितलं तर उपाशी राहीन, गढीला हात लावणार नाही, असं ते म्हणाले. पहिलं विधान खरं की खोटं हे भूगर्भशास्त्रज्ञ तपासू शकतात, आणि त्यात मी रस्ते खात्याच्या बाजूने आहे. दुसऱ्या विधानात तपासण्यासारखं काही नाही. आपल्या समजुतीपायी स्वतःच्या खिशातलं काय सोडायला तयार आहे, एवढंच तो माणूस सांगतो आहे. आयर्लंडमधल्या या जुन्या समजुतीबद्दल सार्वजनिक निर्णय घेताना लोक या दोन विधानांची गल्लत करतात, असं मला वाटतं.

आधी गढी म्हणजे काय ते पाहू. क्लेअर, लिमरिक, स्लायगो, कुठल्याही काउंटीत हिरव्या कुरणांमधून जाताना मध्येच झुडपांचं एक गोल बेट दिसतं. कंबरभर उंचीचा मातीचा बांध, त्याच्या बाहेरून बुजत आलेला खंदक, बांधावर काटेरी हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न. गाई खंदकापर्यंत चरतात. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तिथवर सरळ येतात आणि वळसा घालून पुढे जातात. असल्या जागेला राथ किंवा लिस म्हणतात. लिसमोर, लिस्टोवेल, डब्लिनमधलं राथमाइन्स ही गावांची नावं त्यातूनच आली. साधारण इ.स. 500 ते 1000 या काळातली ही सधन शेतकऱ्यांची राहती घरं. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची, वर कुंपण घालायचं आणि मधे कुडाची गोल झोपडी उभारायची. लांडगे आणि गुरंचोर बाहेर राहावेत एवढाच हेतू. काहींच्या पोटात दगडांनी बांधलेलं भुयारही असतं, दूधदुभतं गार ठेवायला आणि वेळ आली तर लपायला. देशभरात अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे.

ही घरं ओस पडली, ती कुणी बांधली याचा विसर पडला, आणि मग लोकांनी तिथे नवे रहिवासी बसवले. कुणी म्हणालं डेन लोकांचे, म्हणजे व्हायकिंगांचे किल्ले. पण बहुतेकांच्या मते त्या गढ्या ‘भल्या लोकांच्या’. त्यांचं नाव घ्यायचं टाळायचं, म्हणून हा आदराचा उल्लेख. हे भले लोक पंख लावलेल्या चिमुकल्या मुली नव्हेत. ते माणसाएवढेच असतात, गुरं पाळतात, लग्नं करतात, आपसात लढतात. त्यांचा अपमान झाला तर माणसाचं वाटोळं करतात, तरणीताठी माणसं पळवून नेतात आणि त्यांच्या जागी आपल्यातलं कुणी म्हातारं, आजारी, किरकिरं ठेवून जातात. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे यावं लागेल.

या समजुतींचा खजिना 1937 ते 1939 या काळात गोळा झाला. आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळाशाळांतून मुलांना कामाला लावलं: घरी जा, आजीआजोबांना विचारा, वहीत उतरवून आणा. सुमारे 50,000 मुलांनी लिहिलं. आता ती पानं डब्लिनच्या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या इंटरनेटवरही वाचता येतात. गढीच्या गोष्टी वाचताना त्यांचा साचा लगेच ओळखीचा होतो. अमक्याने बांधावरचं झाड तोडलं, सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं होतं. तमक्याने खंदक बुजवला, वर्ष संपायच्या आत त्याची गुरं मेली. एक जण रात्री गढीच्या शेतातून निघाला, त्याला पहाटेपर्यंत फाटक सापडेना. शेवटी कोट उलटा करून घातला तेव्हा कुठे वाट दिसली. हे लिहिणारं पोर दहा-बारा वर्षांचं, अक्षर गोल गोल, आणि शेवटी बहुतेकदा गाव नि सांगणाऱ्याचं नाव. भुताच्या गोष्टीत असते तशी रंगत यात फारशी नसते. सूर असतो तो गावच्या कज्ज्याचा, कुणाची हद्द कुठवर आणि ती कुणी ओलांडली याचा.

माझा मुद्दाही हद्दीचाच आहे. मधल्या आकाराची एक गढी बांध-खंदक धरून दहा-पंधरा गुंठे जमीन अडवते. ज्या देशात 1845 नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या घरात माणसं मेली, जिथे इंचभर जमिनीवरून खून पडत, तिथे हजारो शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन पडीक ठेवली. त्यांना पुरातत्त्वाशी काही देणंघेणं नव्हतं, जैवविविधता हा शब्दही त्यांच्या कानावर आला नव्हता. ते घाबरत होते. पण त्या भीतीचं भाडं ते स्वतः भरत होते, आपल्या गवतातून, आपल्या बटाट्यांतून.

परींची भीती म्हणजे प्राचीन पर्यावरण-शहाणपण, असं आता काही उत्साही मंडळी लिहितात. ते मला पटत नाही. याच हीली-रे महाशयांनी 2016 मध्ये संसदेत हवामान वरच्या देवाच्या हाती असल्याचं सांगून हवामानबदलाचा विषय निकालात काढला होता. गढीला हात न लावणारा माणूस पीट-दलदल, म्हणजे जळणासाठी खणतात ती कुजलेल्या वनस्पतींची दलदल, खुशाल उपसू शकतो. शिवाय भीतीने सगळ्या गढ्या वाचवल्या असंही नाही. अनेकांनी त्या सपाट केल्या. गावचा मजूर मिळेना तेव्हा बाहेरगावचा आणला. घोड्यांच्या जागी बुलडोझर आला, शेतीसुधारणेसाठी सरकारी पैसा मिळू लागला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम फार सोपं झालं. फावड्याने बांध उकरणाऱ्याला तीन दिवस विचार करायला मिळत. यंत्रावर बसलेल्याचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकतं.

मग कायदा आला, तो बरा नाही का? बराच आहे. 1930 पासून राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आहे. 1994 च्या दुरुस्तीनंतर नोंदलेल्या जागेवर काही करायचं तर दोन महिने आधी सूचना द्यावी लागते. 2012 मध्ये केरीतल्या एका शेतकऱ्याला भुयारासकट गढी उद्ध्वस्त केल्याबद्दल 25,000 युरोंचा दंड झाला. 2023 मध्ये सगळ्याचा एकत्रित नवा कायदाही मंजूर झाला. पण कायद्याची एक खोड आहे: त्यात परवानगीची खिडकी असते. अर्ज करा, अहवाल जोडा, तज्ज्ञ नेमा, खिडकी उघडते.

ही खिडकी कशी उघडते हे मीथ काउंटीत दिसलं. प्राचीन राजांचं ठिकाण म्हणून आयरिश माणूस ज्या ताराच्या टेकडीचं नाव घेतो, तिच्या शेजारच्या खोऱ्यातून एम-3 महामार्ग नेण्याचं ठरलं. 2007 मध्ये कामाच्या पट्ट्यातच लिसमलिन इथे लोहयुगातलं, सुमारे 80 मीटर व्यासाचं खांबांचं वर्तुळ सापडलं. ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीरही झालं. त्यानंतर रीतसर उत्खनन झालं, नोंदी झाल्या, आणि महामार्ग त्यावरूनच गेला. 2010 मध्ये तो सुरू झाला. कुठलाही नियम मोडला नाही. मंत्र्यांना तसा अधिकार देणारी दुरुस्ती 2004 मध्येच करून ठेवली होती.

आता क्लेअर काउंटीतल्या ‘लाटून’ नावाच्या ठिकाणचं उदाहरण पाहा. लिमरिकहून एनिसकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं एक झुडूप येत होतं. 1999 मध्ये एडी लेनिहान या कथेकऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: मन्स्टर प्रांताच्या परी कॉनॉट प्रांताच्या परींशी लढायला जाताना या झुडपापाशी जमतात, ते तोडलं तर या रस्त्यावर अपघात होतील. लेनिहान आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी टिपत आलेला माणूस, तो हे चेष्टेने म्हणत नव्हता. बातमी जगभर गेली. अभियंत्यांनी आराखड्यात थोडा बदल केला, आणि झुडूप राहिलं. खर्चाच्या मानाने ते किरकोळ होतं. रस्ता रद्द करा असं कुणी म्हणालंच नव्हतं. (2002 मध्ये कुणीतरी यांत्रिक करवतीने त्याच्या फांद्या साफ छाटल्या. त्याला पुन्हा पालवी फुटली. छाटणाऱ्याचं पुढे काय झालं, याबद्दल क्लेअरमध्ये अर्थातच गोष्टी असतील.)

काटेरी झुडपाला जे मिळालं, ते दोन हजार वर्षांहून जुन्या स्मारकाला मिळालं नाही. त्याचं कारण मला असं दिसतं: लिसमलिनच्या बाजूने बोलणारे तज्ज्ञ ‘मूल्य’ मांडत होते, आणि मूल्य म्हटलं की वजाबाकी आली. नोंदी करून ठेवल्या की मूल्य वाचलं, असा हिशेब बसवता येतो. लेनिहान बोलत होता ती जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे असं. दुसऱ्याच्या जागेबद्दल बोलणी करावी लागतात, तिची नुसती नोंद करून भागत नाही.

याच्या उलट टोकाला शॉन क्विन. सिमेंट, खाणी, विमा, हॉटेलं, एके काळी आयर्लंडमधला सर्वांत श्रीमंत माणूस. 1992 मध्ये कॅव्हन काउंटीतल्या ऑक्रिम इथे त्याच्या खाणीच्या वाटेत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं येत होतं. परवानगी मिळाली, उत्खनन झालं, आणि थडग्याचे दगड उचलून त्याच्याच हॉटेलच्या आवारात पुन्हा मांडले गेले. पुढे अँग्लो आयरिश बँकेच्या शेअर्सवर त्याने प्रचंड पैजा लावल्या, 2008 च्या मंदीत बँक बुडाली, आणि तोही दिवाळखोरीत गेला. उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या गावांत लोकांनी मान हलवली: थडगं हलवलं ना! आता यात काही अर्थ नाही, हे सांगायला नको. थडगं हलवल्यावर पंधरा-सोळा वर्षं त्याची भरभराटच झाली; तेवढा काळ परी झोपल्या होत्या काय? एकाच बँकेवर एवढा डाव लावणाऱ्याला बुडवायला परी लागत नाहीत. पण गावकऱ्यांच्या बोलण्यात आणखीही एक गोष्ट होती. परवानगीचा कागद असला तरी एखादं कृत्य अनुचित असू शकतं, हे ते त्यांच्या भाषेत म्हणत होते. ते म्हणायला त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी परींची वकिली करतो आहे. म्हणून आता दुसरी बाजू, आणि ती हलक्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

1826 मध्ये याच केरी काउंटीत फ्लेस्क नदीत एक मूल बुडून मेलं. चारेक वर्षांचं पोर, उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्याच्यातली परी निघून जावी म्हणून एका म्हाताऱ्या बाईने त्याला सलग तीन सकाळी नदीत बुचकळलं. तिसऱ्या सकाळी फार वेळ. ट्रॅलीच्या न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. किलार्नीचा तो खचणारा रस्ता याच फ्लेस्कच्या खोऱ्यातून जातो.

त्यानंतर 1895. टिपरेरी काउंटीतल्या बॅलीव्हॅडली गावची ब्रिजेट क्लिअरी. विशीतली, शिवणकाम करणारी, घरी स्वतःचं शिवणयंत्र, अंडी विकून चार पैसे बाळगणारी. मार्चमध्ये ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेला, पाद्री येऊन गेला. नवऱ्याच्या, मायकलच्या, डोक्यात मात्र बसलं की ही आपली बायको नव्हे. हा पिपं बनवणारा कुशल कारागीर, लिहिता-वाचता येणारा माणूस. त्याने वनौषधी आणल्या, त्या जबरदस्तीने पाजल्या. नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, तू ब्रिजेटच आहेस का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. 15 मार्चच्या रात्री स्वयंपाकघरात, तिच्या बापाच्या आणि नातेवाइकांच्या देखत, मायकलने तिच्या अंगावर दिव्यातलं तेल ओतून तिला जाळलं. मग तो काळ्या मुठीची सुरी घेऊन किलनग्रॅनाच्या गढीपाशी रात्री जागत बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल, दोर कापून तिला सोडवायची. ती उथळ खड्ड्यात पुरलेली सापडली. मायकलला वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षांनी सुटून तो कॅनडाला गेला.

ती गढी आणि लाटूनचं झुडूप एकाच श्रद्धेची अपत्यं आहेत. ‘चांगली लोकपरंपरा’ आणि ‘वाईट अंधश्रद्धा’ अशी सोयीस्कर विभागणी इथे करता येत नाही. गढीत राहणारे लोक खरे असतील, ते माणसं पळवत असतील, तर घरातली किरकिरी बायको किंवा न चालणारं मूल ‘त्यांच्यातलं’ असणं तर्काने ओघानेच आलं. मानणाऱ्यांच्या दृष्टीने मायकल क्लिअरी वेडा नव्हता, तो फक्त शेवटपर्यंत गेला.

मग निवाडा कशावर करायचा? मी तो श्रद्धेची किंमत कोण मोजतं यावर करतो. गढीभोवती ट्रॅक्टर वळवणारा शेतकरी स्वतःच्या दहा-पंधरा गुंठ्यांची किंमत मोजतो. फ्लेस्कमध्ये मुलाने मोजली. बॅलीव्हॅडलीत ब्रिजेटने मोजली, आणि धडधाकट, मोकळी, स्वतःची कमाई असलेली बाई असल्यामुळे कदाचित जास्तच मोजली. परी खऱ्या की खोट्या या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची यात गरज पडत नाही. हा निकष महाराष्ट्राला नवाही नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आपल्याकडे जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यानेही कोणता देव खरा याला हात घातला नाही. कोणती कृत्यं दुसऱ्याच्या जिवावर, शरीरावर, पैशावर उठतात, त्यांची यादी केली आणि त्यांना गुन्हा ठरवलं. देवराईत कुऱ्हाड न नेणाऱ्या गावकऱ्याच्या वाटेला तो कायदा जात नाही, आणि जाऊही नये.

या हिशेबात न बसणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती मला सर्वांत अस्वस्थ करते. बाप्तिस्मा न होता मेलेल्या बाळांना चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. त्यांचा आत्मा स्वर्गातही नाही, नरकातही नाही, अशी शिकवण होती. मग बाप किंवा घरातला कुणी पुरुष संधिकाळ उलटल्यावर ते गाठोडं घेऊन निघायचा. पुष्कळदा तो गावच्या जुन्या गढीतच यायचा, कारण तिथे नांगर फिरणार नाही याची खात्री होती. अशा दफनांच्या जागांना किलीन म्हणतात. हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं होतं. खुद्द व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने 2007 मध्ये सांगितलं की अशा बाळांना मुक्ती मिळेल अशी आशा बाळगायला आधार आहे. म्हणजे अधिकृत, प्रतिष्ठित श्रद्धेने ज्यांना बाहेर काढलं, त्यांची राखण गावंढळ, टिंगलीच्या श्रद्धेने केली. एखादी गढी जमीनदोस्त होते तेव्हा इ.स. 700 च्या शेतकऱ्याच्या घराबरोबर कुणाच्या तरी आजीची ती न सांगितलेली बाळंही जातात. परीवर विश्वास नसलेल्या माणसालाही तो बांध उकरण्याआधी थांबावंसं वाटायला एवढं पुरे आहे.

आता भीती ओसरते आहे, आणि ती परत आणावी असं मला वाटत नाही. तिच्या जागी जे येतं आहे त्याचं मात्र काही खरं नाही. पर्यटकांच्या जंगलवाटांवर झाडांच्या बुंध्यांना खिळ्यांनी ठोकलेली रंगीत ‘परींची दारं’ असतात. ताराच्या टेकडीवर नवसाच्या हॉथॉर्नला लोक कृत्रिम धाग्यांच्या चिंध्या, बाहुल्या, काय वाटेल ते बांधून जातात. ही गोडगोड परी कुणालाच काही सोडायला लावत नाही, उलट काहीतरी विकत घ्यायला लावते. आपल्याकडे देवराईतली झाडं देवीच्याच सिमेंटच्या मोठ्या देवळासाठी तोडली जातात, तेव्हा तिथेही भक्ती वाढलेली असते आणि राखण संपलेली असते.

सरकारने करण्यासारखं एक काम मला दिसतं. आयर्लंडच्या स्मारकनोंदीत प्रत्येक गढीचा प्रकार, नकाशावरची जागा, व्यास, अवस्था असं सगळं असतं. तिच्याबद्दल गाव काय म्हणतं ते दुसऱ्याच संग्रहात, त्या शाळकरी वह्यांत पडून आहे. दोन्ही सरकारी पैशातूनच उभं राहिलेलं काम, पण रस्त्याचा आराखडा आखणाऱ्याच्या टेबलावर पहिलंच येतं. तिथे बाळं पुरली आहेत, त्या झुडपाला कुणी हात लावत नाही, अमक्या घराण्याने तो बांध पाच पिढ्या राखला, हे अर्जाच्या फायलीत तज्ज्ञांच्या अहवालाइतक्याच अधिकाराने यायला हवं. आणि ज्यांनी आजवर फुकट राखण केली त्यांना शेती-पर्यावरण योजनांतून त्या गुंठ्यांचा मोबदला नियमाने मिळावा, तुटपुंजा नव्हे.

असं केलं तर उद्या कुणीही उठेल आणि प्रत्येक झुडपाला परी चिकटवेल, असा आक्षेप अभियंते घेतील. घेऊ देत. 1938 च्या वहीत जे आहे ते उद्या उठून कुणाला लिहिता येत नाही. वहीत नसेल तर जुन्या घरांत जाऊन विचारावं लागेल, आणि विचारायला माणूस पाठवावा लागेल. दाव्यापायी तो दावा करणाऱ्याने स्वतः आजवर काय सोडलं, हा प्रश्न त्या माणसाने सगळ्यांत आधी विचारावा. लाटूनला आराखडा जरासा सरकवता आला, कारण कुणीतरी वेळेवर पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. प्रत्येक गढीजवळ कथेकरी राहत नाही.